रामकथेचा उत्तररंग आणि आमचे बोलपट



पालघरहून मनोरच्या रस्त्याला लागले म्हणजे वाटेत सूर्या नदीच्या काठी मासवण हे गाव लागते. आपल्यापैकी पुष्कळांची ती नित्याची वाट आहे. ह्या मासवणात १९०४ साली बाबूराव पटेल जन्मले. १९३५ साली त्यांनी मुंबईत ‘फिल्मइंडिया’ नावाचे इंग्रजी मासिक काढले आणि पाहता पाहता त्यांच्या लेखणीचा असा दरारा बसला की, चित्रपटाच्या धंद्यातले भलेभले मालक नवा अंक हाती येताच आधी आपल्या बोलपटाची काय गत झाली ते पाहात. हेच मासिक १९६० पासून ‘मदर इंडिया’ झाले, आणि १९६७ साली हे आमचे मासवणकर मध्य प्रदेशातल्या शाजापूरमधून थेट लोकसभेत जाऊन बसले. एवढा लांबचा पल्ला मारलेल्या माणसाची आठवण त्याच्या तालुक्यात फारशी निघत नाही, म्हणून व्याख्यानाच्या आरंभीच त्यांचे नाव घेतले.

अर्थात केवळ गावच्या अभिमानासाठी नव्हे. आजचा विषय असा आहे: एखादा धार्मिक बोलपट लोकांच्या मनात घर करून बसला, आणि मग त्याच कर्त्यांनी त्याचा पुढचा भाग काढला, तर तो पहिल्याच्या तोडीचा होतो काय? ह्या प्रश्नाचे एक फार चांगले उदाहरण बाबूरावांच्या ऐन उमेदीच्या काळात, त्यांच्या डोळ्यांदेखत घडले. विजय भट्ट आणि त्यांचे बंधू शंकरभाई ह्यांच्या प्रकाश पिक्चर्सने १९४२ साली ‘भरत मिलाप’ काढला; मराठीत त्याचे नाव ‘भरतभेट’. लगेच १९४३ साली ‘रामराज्य’ आला, तोही हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. पाच वर्षांनी, १९४८ साली, ‘रामबाण’ आला. तिन्ही हिंदी बोलपटांत राम प्रेम अदीब आणि सीता शोभना समर्थ. कर्ते तेच, कथा तीच, चेहरे तेच. आणि तरीही ह्या तिघांचे नशीब सारखे झाले नाही. दुसरा पहिल्यावर ताण करून गेला आणि तिसरा दोघांच्याही पायरीशी पोचला नाही. असे का व्हावे, एवढेच आज आपल्याला पाहावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इतर गोष्टींचा पुढचा भाग लोक पाहतात तो ‘पुढे काय झाले’ ह्या उत्सुकतेने. रामकथेत ती उत्सुकता औषधालाही नाही. पुढे काय झाले ते तिकीट काढणाऱ्याच्या आजीलाही ठाऊक आहे आणि त्याच्या कडेवरच्या पोरालाही. मग प्रेक्षक जातो कशासाठी? ज्याने आपल्याकडचे कीर्तन ऐकले आहे त्याला ह्याचे उत्तर चटकन सापडेल. हरदास पूर्वरंगात एखादा अभंग घेतो, त्यावर निरूपण करतो, तत्त्व मांडतो. मग बुक्का लागतो, हार पडतो, आणि उत्तररंगात आख्यान सुरू होते. उत्तररंग ही पूर्वरंगाची पुढची गोष्ट नसते. पूर्वरंगात जे सांगितले ते कोणाच्या तरी संसारात उतरवून, त्याला घाम फोडून, खरे ठरते का ते पाहणे हे उत्तररंगाचे काम. तत्त्व सांगताना डुलणारे श्रोते आख्यानात डोळे पुसतात. उत्तररंग पडला तर पूर्वरंग कितीही विद्वत्तेचा असो, लोक उठताना म्हणतात, “आज रंग भरला नाही.”

आता ‘भरत मिलाप’ पाहा. दुर्गा खोटे ह्यांची कैकेयी, शाहू मोडक ह्यांचा भरत. बापाच्या शब्दासाठी राम राज्य सोडतो, भावासाठी भरत राज्य सोडतो, आणि शेवटी सिंहासनावर कोणीच बसत नाही, दोन पादुका बसतात. राजधर्माचे एवढे सुंदर चित्र आपल्या वाङ्मयात दुसरे नाही. पण हा पूर्वरंग झाला. राज्य सोडणाऱ्याची थोरवी सांगून झाली. आता राज्य चालवणाऱ्याचे काय? ज्याने प्रजेसाठी सर्वस्व टाकले त्याने प्रजेच्या एका कुजबुजीसाठी बायकोही टाकावी काय? ‘रामराज्य’ने नेमका हाच प्रश्न उचलला. कैकेयीच्या वरांपासून चित्रकूटापर्यंत आलेली कथा विजय भट्टांनी पुढे सीताहरणाकडे नेली नाही. मधली सगळी कांडे ओलांडून ते एकदम राज्याभिषेकानंतरच्या अयोध्येत उतरले. धंद्याच्या दृष्टीने पाहता हे धाडसच म्हटले पाहिजे. मारुतीचे उड्डाण, सेतू, दशमुखी रावण, हा सारा हुकमी माल बाजूला ठेवून त्यांनी एका गरोदर स्त्रीला रथात बसवून रानात सोडण्याची कथा घेतली.

आणि काळ कोणता, तोही पाहा. १९४२च्या ऑगस्टात ‘चले जाव’ झाले होते, पुढारी तुरुंगात होते, आणि ‘रामराज्य’ हा शब्द गांधीजींनी घरोघरी पोचवलेला होता. लोक चित्रगृहात शिरले असतील ते हा शब्द ओठांवर घेऊन. आत त्यांना दिसले की, रामराज्यातही एका निरपराध व्यक्तीवर अन्याय होतो, तो राजाच्या दुष्टपणामुळे होत नाही, राजाच्या कर्तव्यबुद्धीमुळे होतो, आणि त्याला रामापाशीसुद्धा उत्तर नाही. सरस्वती राणे ह्यांच्या आवाजातले सीतेचे वीणेवरचे गाणे गावोगाव पोचले. १९४४ साली तुरुंगातून सुटून जुहूला विश्रांती घेत असताना गांधीजींनी हा बोलपट पाहिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १९४३ सालच्या सर्वांत जास्त चाललेल्या बोलपटांत ‘किस्मत’ आणि शांतारामांचा ‘शकुंतला’ ह्यांच्या जोडीने ‘रामराज्य’चे नाव घेतात. ओघात आले म्हणून सांगतो: ‘शकुंतला’ ही देखील गर्भवती असताना राजाने न ओळखलेल्या, दरबारातून परत पाठवलेल्या बायकोचीच कथा. युद्धाच्या, टंचाईच्या, धरपकडीच्या त्या एका वर्षात ह्या देशातील लोकांनी टाकलेल्या दोन राण्यांसाठी रांगा लावल्या. इतिहासकाराने ह्याची नोंद घ्यावयास हवी. सभांचे ठराव तेवढे पाहून त्या वर्षाचे मन कळणार नाही.

दुसरा भाग पहिल्यावर ताण करतो हे आमच्याकडे काही नवे नाही. पद्मपूरचा भवभूती. त्याने आधी ‘महावीरचरित’ लिहिले, त्यात रामाच्या लग्नापासून राज्याभिषेकापर्यंतचा पराक्रम. मग ‘उत्तररामचरित’ लिहिले. आज ‘महावीरचरित’ परीक्षेपुरते वाचतात आणि ‘उत्तररामचरित’ रडण्यासाठी वाचतात. जुने पंडितही भवभूतीची खरी बढाई उत्तरचरितातच मानीत. त्या नाटकाचा पहिला अंक मोठा मौजेचा आहे. राम, लक्ष्मण आणि सीता ह्यांना त्यांच्याच पूर्वायुष्याची रंगवलेली चित्रे दाखवतात. ताटका, मिथिलेतले लग्न, पंचवटी. शूर्पणखेचे चित्र येताच सीता दचकते, आणि राम हसून सांगतो की, अगं, हे चित्र आहे. म्हणजे दुसऱ्या भागातील पात्रे आरंभीच पहिला भाग पाहात बसली आहेत! त्या चित्रांनी थकून सीता रामाच्या हातावर डोके ठेवून निजते, आणि तेवढ्यात दुर्मुख नावाचा हेर लोकापवाद घेऊन येतो. पहिल्या भागाची पुण्याई एका चित्रपंक्तीत आटोपून कवी मोकळा होतो आणि खऱ्या दुखण्याला हात घालतो. पुढचा भाग लिहिणाऱ्या कोणालाही ह्याहून चांगला धडा मिळावयाचा नाही.

दुसरे उदाहरण ह्याहून आपल्या घरचे. एकनाथमहाराजांचे ‘भावार्थरामायण’ आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आहे. नाथांनी ते युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आणले आणि पुढचे काम त्यांच्या गावबा ह्या शिष्याने पुरे केले. गावबाविषयी अशी आख्यायिका आहे की, पुरणपोळीच्या लोभाने हा पोर नाथांच्या वाड्यात येऊन राहिला आणि लोक त्याला मंदबुद्धी समजत. त्याच्या हातून उर्वरित युद्धकांड आणि सबंध उत्तरकांड झाले. काव्याच्या तराजूत घातले तर नाथांचे पारडे जड, ह्यात वाद नाही. परंतु पारायणाला बसलेला माणूस चव्वेचाळिसाव्या अध्यायाशी पोथी बांधून उठत नाही. कथा पुरी व्हावी ही त्याची गरज, आणि ती भागवणाऱ्याला तो नाथांच्याच पंक्तीला बसवतो. इथे तोडीचा की कमअस्सल हा प्रश्न वाचकाच्या मनातच येत नाही. ही सवलत बोलपटाला मात्र मिळत नाही. का मिळत नाही ते सांगतो.

पोथीतल्या रामाला चेहरा नसतो. ज्याचा त्याने मनाशी पाहावा. पडद्यावरच्या रामाला चेहरा असतो, आणि तो कोणा एका माणसाचा असतो. आपल्या जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो, तो आपण पाहिला असेल. टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर देवदैत्यांची सोंगे नाचत येतात. गणपती येतो, सरस्वती येते, नरसिंह येतो, रावण येतो. तिथे चेहरा मुखवट्याचा. आत आज बाप आहे, उद्या मुलगा असेल. मुखवटा म्हातारा होत नाही, त्याचे पोट सुटत नाही, तो दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात भेटत नाही. बोलपटाने देवाला मुखवट्यातून बाहेर काढले आणि माणसाच्या कातडीत घातले. पहिल्या वेळी ही गोष्ट विलक्षण परिणाम करते. पण एकदा तो चेहरा देवाचा म्हणून ठसला की, दुसऱ्या वेळी त्या चेहऱ्याचा हिशेब द्यावा लागतो.

ह्या गोष्टीचा पहिला अनुभव आमच्याच दादासाहेब फाळक्यांना आला. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके ह्या एकाच नटाने राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या होत्या. मूकपट होता, लोकांनी तेही गोड मानून घेतले, आणि चित्रगृहांवर झुंबड उडाली. पुढल्या वर्षी, १९१८ साली, हिंदुस्थान फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट म्हणून ‘श्रीकृष्णजन्म’ आला आणि १९१९ साली त्याच्या पाठोपाठ ‘कालियामर्दन’. आता जन्मानंतर कालियामर्दन म्हणजे सरळ पुढचा भाग. कृष्णाच्या भूमिकेत दोन्ही वेळा फाळक्यांचीच मुलगी, मंदाकिनी. ह्या दुसऱ्या चित्रपटाच्या आरंभी फाळक्यांनी जे केले ते मला आजही थक्क करते. कथा सुरू होण्याआधी ते मंदाकिनीलाच पडद्यावर आणतात. कृष्ण म्हणून नव्हे, एक लहान मुलगी म्हणून. ती हसते, रागावते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखवते. आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. जणू ते प्रेक्षकाला सांगतात की, बाबा रे, हे माझे पोर आहे. आता पाहा त्यातून देव कसा दिसतो.

‘श्रीकृष्णजन्म’ हा मुख्यतः चमत्कारांचा आणि दर्शनाचा चित्रपट. ‘कालियामर्दन’मध्ये मर्दन येते ते शेवटाकडे. त्याआधी गोकुळातली खोडकर पोरे आहेत, लोणी चोरणे आहे, रात्री एका धनिकाच्या शयनगृहात शिरून त्याची दाढी आणि त्याच्या बायकोचे केस एकत्र बांधून ठेवण्याचा द्वाडपणा आहे. मग यमुनेत उडी पडते. पाण्याखाली नागाशी झुंज चालली आहे आणि काठावर आईबाप ऊर बडवीत आहेत, ही दोन दृश्ये फाळके आलटून पालटून दाखवतात. काठावरच्या यशोदेला आपले पोर देव आहे हे ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक असते. तरीही आपला जीव टांगणीला लागतो तो तिच्याबरोबर. पहिल्या भागात जे दर्शन होते ते दुसऱ्यात काळजी होते. माझ्या मते ‘कालियामर्दन’ आपल्या आधीच्या चित्रपटाच्या तोडीचा तर आहेच, किंचित वरचढ आहे. फाळक्यांनी १९३२ साली ‘सेतुबंधन’ काढून ‘लंकादहन’ची कथाही पुढे नेली, परंतु तोवर बोलपट सुरू झाले होते आणि मूक म्हणून घेतलेल्या त्या चित्रपटाला मागाहून आवाज जोडावा लागला. काळच निघून गेला होता.

फाळक्यांविषयी आणखी एक. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांनी १९१७ साली पुन्हा घेतला. आज ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून जी उरलीसुरली रिळे आपण पाहतो ती ह्या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तसे असेल तर मूळ नाहीसे झाले आणि नक्कल मूळ म्हणून वंद्य झाली. तोडीचे आहे की नाही हे ताडून पाहण्यास मूळच हाती नाही! असो.

चेहऱ्याची पुण्याई किती काळ पुरते ह्याचा अनुभव विजय भट्टांनी स्वतःही घेतला होता. १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने विष्णुपंत पागनीस ह्यांना तुकाराम केले. पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्या बोलपटाचा गौरव झाला, पण त्याआधीच इकडे खेड्यापाड्यांतल्या माणसाने पागनिसांना तुकारामाच्या जागी बसवले होते. मग हा चेहरा सर्वांनाच हवासा झाला. १९३९ साली ते तुलसीदास झाले आणि १९४० साली खुद्द विजय भट्टांच्या ‘नरसी भगत’मध्ये नरसी मेहता. दामले-फत्तेलाल ह्यांनी स्वतः मात्र तो मोह टाळला. ‘संत ज्ञानेश्वर’साठी त्यांनी शाहू मोडकांना घेतले. मोडक हे अहमदनगरचे ख्रिस्ती. वेगळा चेहरा घेण्यात प्रभातकारांचे शहाणपण होते. तुकारामाच्या पुण्याईवर ज्ञानेश्वराचा संसार त्यांनी मांडला नाही. म्हणून ‘ज्ञानेश्वर’ आपल्या पायांवर उभा राहिला, तरी तो ‘तुकारामा’च्या उंचीचा झाला असे मी म्हणणार नाही. भिंत चालवणाऱ्या संतापेक्षा, जिजाईची बोलणी खाणारा संत आपल्याला जवळचा वाटतो, त्याला काय करावे?

आता ‘रामबाण’. १९४३ आणि १९४८ ह्यांच्यामध्ये काय काय झाले ते सांगण्याची गरज नाही. देश स्वतंत्र झाला, त्याची फाळणी झाली, आणि ज्यांनी जुहूला ‘रामराज्य’ पाहिला होता त्या महात्म्याचा खून झाला. ‘रामराज्य’ ह्या शब्दाने आता काय बोलावे, हे कोणालाच कळत नव्हते. अशा वेळी प्रकाश पिक्चर्स परत फिरली ती मागे टाकलेल्या हुकमी मालाकडे. सीताहरण, वानरसेना, लंका, रावणवध. आधी कथेचे डोके दाखवले, मग पाय दाखवले, आणि धड सर्वांत शेवटी आणले. पण ज्या प्रेक्षकाने सीतेला धरणीच्या पोटात जाताना पाहिले आहे, त्याला तिच्या लंकेतून सुटण्याचा आनंद कसा व्हावा? सुटून ती कुठे जाणार आहे ते त्याने पाच वर्षांपूर्वी ह्याच दोघांच्या चेहऱ्यांवर पाहिलेले. ‘रामराज्य’ने रामकथेतला सर्वांत अवघड प्रश्न विचारून टाकला होता, ‘रामबाण’ने त्यानंतर विचारले की, रावण मरतो की नाही!

आणि चेहऱ्यांचा हिशेब तर चुकता झालाच. राम-सीता म्हटले की प्रेम अदीब आणि शोभना समर्थ, हे समीकरण तोवर कॅलेंडरांवर आणि देव्हाऱ्यांत जाऊन बसले होते. पण कॅलेंडरावरचा राम वाढत नाही, पडद्यावरचा वाढतो. आमच्या मासवणकरांनी ‘रामबाण’ला ‘फिल्मइंडिया’त झोडपून काढले, नटनटींच्या अंगावर चढलेली वर्षे त्यांच्या नजरेतून सुटली नाहीत. बाबूरावांची भाषा पुष्कळदा बोचरी, काही वेळा असभ्यही होई, आणि बायकांच्या रूपावर ते जे लिहीत त्याचे समर्थन मी करणार नाही. शिवाय दुसऱ्याचे देव पारखणाऱ्या ह्या टीकाकाराने १९४४ साली स्वतः ‘द्रौपदी’ काढला होता, सुशीलाराणींना नायिका करून. तो काही चालला नाही. तेव्हा पौराणिक बोलपट किती निसरडा असतो हे त्यांना स्वतः पडून कळले होते. तरी मुद्दा त्यांचा खरा होता: भक्तीची ठेव व्याजावर फार दिवस चालत नाही. विजय भट्टांनी १९६७ साली ‘रामराज्य’ पुन्हा, ह्या वेळी रंगीत, काढला. राम नवा, सीता बीना राय. रंग आले, रंग भरला नाही.

इथपर्यंतचा इतिहास मुंबईतला. ह्याच कथेचा आणखी एक उत्तररंग आपल्या रेल्वेमार्गावर झाला आहे. बोईसर, वाणगाव, डहाणू रोड, घोलवड ही स्टेशने मागे टाकून गाडी गुजरातेत शिरते ती उंबरगाव रोडला. ह्या उंबरगावात रामानंद सागर ह्यांनी ‘रामायण’ मालिकेची अयोध्या आणि लंका उभी केली. २५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर ती सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ला संपली. अरुण गोविल आणि दीपिका चिखलिया ह्यांच्या चेहऱ्यांचे पुढे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. प्रेम अदीबांचीच ती पुढची आवृत्ती. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला सांगितले की, रविवारची पहिली पाळी अदलाबदलीने घ्यायला त्या दीड वर्षात कोणी तयार नसे.

सागर कथा संपवणार होते राज्याभिषेकाशी. त्यांचा मुख्य आधार तुलसीदासांचे रामायण, आणि त्यात सीतात्याग सांगितलेलाच नाही. वाल्मीकीच्या रामायणातले उत्तरकांडही मागाहून जोडलेले आहे असे पुष्कळ संशोधक मानतात. तेव्हा थांबण्याला आधार भक्कम होता. परंतु १९८८ साली पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला, आणि त्याचे लोण इतर काही शहरांत गेले. ही मंडळी स्वतःला महर्षी वाल्मीकींचे म्हणवणारी. ज्या कांडात वाल्मीकी टाकलेल्या सीतेला आश्रय देतात, तिच्या मुलांना वाढवतात, शिकवतात, आणि राजाच्या दरबारात उभे करतात, ते कांडच गाळून मालिका संपते म्हणजे काय? शहरातला कचरा उचलणाऱ्या माणसाने झाडू खाली ठेवला तो पगारासाठी नव्हे, तर कथेच्या पुढच्या भागासाठी. १९८८च्या ऑक्टोबरात ‘उत्तर रामायण’ सुरू झाले.

कोणता भाग मूळ आणि कोणता पुरवणी, हे कथेच्या बाहेर उभे राहून ठरवता येत नाही. अयोध्येत बसणाऱ्याला राज्याभिषेक हा शेवट. आश्रमात राहणाऱ्याला ती नुसती सुरुवात. आपल्या मराठी श्रोत्याला ह्याचे नवल वाटू नये. १९५५च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून गाजलेले माडगूळकर-फडक्यांचे ‘गीतरामायण’ सुरू होते तेच मुळी रामासमोर गाणाऱ्या कुश-लवांपासून. टाकलेल्या बायकोची मुले बापाला त्याचीच गोष्ट ऐकवतात, ह्या चौकटीत आपण सबंध रामायण ऐकले.

उंबरगावचा हा उत्तररंग पूर्वरंगाच्या तोडीचा झाला काय? माझे मत असे की, अर्धा झाला. कुश-लवांचे गायन, यज्ञाचा घोडा, बापलेकांची भेट, हा भाग पाहणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी आणतो. परंतु मुख्य ठिकाणी सागरांचा हात थरथरला. त्यांच्या मालिकेत राम सीतेला टाकत नाही. सीताच लोकापवाद ऐकून आपण होऊन जाण्याचा निश्चय करते आणि रामाला तो मान्य करावयास लावते. रामावरचा आळ टळला, पण त्याबरोबर प्रश्नही टळला. १९४३ साली, पारतंत्र्यात, विजय भट्टांनी जो प्रश्न रामाच्या गळ्यात बांधला, तो पंचेचाळीस वर्षांनी, स्वतंत्र देशाच्या सरकारी पडद्यावर, सीतेच्याच पदरात टाकण्यात आला. ह्यात सागरांना मी एकट्याने दोष देत नाही. ज्या चेहऱ्यांच्या लोक पाया पडू लागले होते, त्या चेहऱ्याने गर्भवती पत्नीला रथात बसवून पाठवावे, हे पाहण्याची तयारी प्रेक्षकांचीही राहिली नव्हती. पहिला भाग फार यशस्वी झाला की दुसऱ्याचे हात असे बांधले जातात.

२०२०च्या मार्चात सगळे घरांत कोंडले गेले तेव्हा दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले, आणि एप्रिलात त्यामागोमाग ‘उत्तर रामायण’. आमच्या घरी तीन पिढ्या पुढ्यात बसल्या होत्या. सीता स्वतःच निघाली तेव्हा माझ्या नातीने, वय वर्षे अकरा, विचारले, “आजोबा, तिला कोणी जा म्हटलंच नाही, मग ती का जाते?” तिच्या आजीने सांगितले, “प्रजेसाठी गं.” तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही. पुढल्या आठवड्यात मी तिला १९४३चा ‘रामराज्य’ दाखवला. चित्र अंधुक, आवाज खरखरता, गाणी तिच्या मते फार सावकाश. लक्ष्मण रथ घेऊन येतो तिथे ती उठून पाणी प्यायला गेली, परत आली, आणि शेवट होईपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, “ह्यात निदान त्यांनी तिला पाठवलं.”